इपॉक्सी रेझिन हाताला लागलं तरी काही होत नाही, मग मोजे कशाला?

तुमचे तीन प्रश्न आहेत. द्रव इपॉक्सी रेझिनला वास नाही, हाताला लागलं तरी झोंबत नाही, मग ड्रमवर उद्गारचिन्ह आणि मेलेल्या माशाचं चित्र कशासाठी? थंडीत ड्रममधलं रेझिन पांढरं, रवाळ झालंय, ते शेगडीवर तापवलं तर चालेल का? आणि तुमच्या हाताखालच्या एका मुलाच्या मनगटावर पंधरा दिवसांपासून पुरळ येतंय, मलम लावून त्याने काम चालू ठेवलं तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे. त्याचं उत्तर पटायला हवं असेल तर आधी पहिल्याकडे नीट बघावं लागेल.

बाजारातलं नेहमीचं द्रव रेझिन म्हणजे बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून तयार झालेलं डायग्लिसिडिल ईथर. तुमच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे मालाबरोबर मिळणाऱ्या सुरक्षेच्या माहितीपत्रकावर, बहुधा २५०६८-३८-६ हा कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) असेल. ते मधासारखं घट्ट असतं, २५ अंश सेल्सिअसला साधारण ११ ते १४ हजार सेंटिपॉइज (घट्टपणाचं एकक). त्याची वाफ जवळजवळ होतच नाही, म्हणून वास नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते ते, २०० अंशांच्या बराच वर, म्हणून ते पटकन पेटतही नाही. कॅन्सरची भीती पुष्कळांना असते, तेव्हा तेही सांगतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एपिक्लोरोहायड्रिनला २ए गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची बरीच शक्यता' असलेल्यांत ठेवलंय. तयार रेझिनमधला मुख्य रेणू, म्हणजे वरचं डायग्लिसिडिल ईथर, मात्र गट ३ मध्ये आहे, म्हणजे माणसासाठी तसं वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. थोडक्यात, ड्रमजवळ उभं राहिल्याने आज काही होणार नाही. रेझिनचा खरा धोका वेगळा आहे आणि तो कातडीतून येतो.

रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना तीन अणूंचं एकेक ताणलेलं कडं असतं. ते उघडायला टपलेलंच असतं. समोर अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेला एक रासायनिक गट, आलं की कडं उघडून त्याला चिकटतं. आपण हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा दुसरा घटक, घालतो तेव्हा नेमकं हेच घडतं आणि माल कडक होतो. पण अमाइनचे गट आपल्या त्वचेतल्या प्रथिनांमध्येही असतात. शिवाय या रेणूचं वजन जेमतेम ३४०, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातून आत शिरण्याइतका तो लहान. आत गेला की प्रथिनाला चिकटतो, आणि शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या जोडगोळीला परकं समजून लक्षात ठेवते. पहिल्या वेळी काही दिसत नाही, दहाव्या वेळीही कदाचित दिसणार नाही. कुणाला दोन आठवड्यांत होतं, कुणाला दहा वर्षांनी. पण एकदा शरीराने ओळख धरली की ती सहसा आयुष्यभर पुसली जात नाही, आणि मग अगदी थेंबभर रेझिनही पुरतं.

डेटा शीटच्या दुसऱ्या विभागात एच३१७ असा संकेत दिसेल: त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. ड्रमवरचं उद्गारचिन्ह त्यासाठीच आहे. एच३१५ आणि एच३१९ म्हणजे त्वचेला आणि डोळ्यांना चुरचुर. त्या मानाने किरकोळ. लोक चुरचुर शोधत बसतात, ती झाली नाही की निर्धास्त होतात, आणि एच३१७ तिकडे गुपचूप काम करत राहतो. त्यात आणखी घोटाळा असा की ही ॲलर्जी उशिरा उमटते, संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी. सोमवारी हाताला लागलेल्याची खाज बुधवारी सुटते, आणि माणूस बुधवारी काय खाल्लं याचा विचार करतो.

माझ्याबरोबर एक जण काचतंतूचे थर बसवायचा. हात इतका सफाईदार की रोलर फिरवला की आत बुडबुडा सापडायचा नाही. आठ वर्षं उघड्या हातांनी काम, संध्याकाळी थिनरने हात पुसायचे, रोजचा परिपाठ. मग एका सकाळी तो डोळे सुजलेले घेऊन आला. पापण्या अशा फुगल्या होत्या की एक डोळा पुरता उघडत नव्हता. सगळ्यांना वाटलं किडा चावला. दोन दिवस घरी बसल्यावर उतरलं, कामावर आल्यावर पुन्हा तेच. पुढेपुढे तर दुसऱ्या टोकाला कुणी घासकाम करत असलं तरी त्याची मान आणि कानांमागची कातडी लाल व्हायची. शेवटी त्याला ते काम कायमचं सोडावं लागलं. त्याच्या हातातलं कसब परत दुसऱ्या कामात वापरता येण्यासारखं नव्हतं. मी मोज्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही, त्याचं कारण तो माणूस आहे.

मोजे घातले म्हणजे झालं, असंही नाही. एकदा आम्ही एका बॅचमध्ये लाल पिगमेंट घातलं होतं. काम संपल्यावर मी सहज बघत गेलो की लाल रंग कुठे कुठे पोचलाय. वजनकाट्याच्या बटणावर, दाराच्या कडीवर, पंख्याच्या स्विचवर. पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर. एकाच्या मोबाइलच्या कडेला. आणि एका मास्कच्या आतल्या बाजूला, जिथे तो नाकाला टेकतो तिथे, बोटाचा स्पष्ट ठसा. सगळ्यांनी दिवसभर मोजे घातले होते. पण त्याच मोज्यांनी फोन घेतला, मास्क सारखा केला, नाक खाजवलं. रंगहीन रेझिन रोज हाच प्रवास करतं, फक्त दिसत नाही. तेव्हापासून आमच्याकडे मिक्सिंगच्या टेबलाभोवती जमिनीवर पट्टी मारलेली आहे. पट्टीच्या आत घातलेला मोजा बाहेर येत नाही आणि बाहेरचा फोन आत जात नाही.

आता कोणते मोजे. पातळ लॅटेक्सचे इथे निरुपयोगी. पातळ नायट्रिलचे, ०.१ मिलिमीटरवाले, फक्त उडालेल्या शिंतोड्यापुरते. त्यांच्यावर रेझिन पडलं की काढून टाकायचे, नवे घालायचे, आणि एरवीही ठरावीक वेळाने बदलायचे. सलग हाताळायचं असेल तर जाड नायट्रिल किंवा ब्यूटाइल रबर. सर्वांत जास्त अडवतात ते अनेक थरांच्या प्लास्टिक फिल्मचे मोजे. ते हातावर ढगळ बसतात, म्हणून वरून एक तंग नायट्रिलचा मोजा घालायचा. मोजा काढताना मनगटाकडून उलटा काढा, बाहेरची बाजू दुसऱ्या हाताच्या कातडीला लागता कामा नये. तुमच्या मुलाला पुरळ मनगटावरच आहे हे वाचून मला पहिल्यांदा हेच सुचलं. आखूड मोजा, त्याच्या आणि बाहीच्या मधली उघडी पट्टी, किंवा मोजा काढण्याची चुकीची पद्धत. लांब मनगटाचे मोजे आणि त्यांच्यावर येणारी बाही एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ॲसिटोन किंवा थिनर हाताला लावू नका. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो, आणि तरी आठवड्याभरात कुणीतरी बोळा भिजवताना सापडतोच. सॉल्व्हंट रेझिन पातळ करतो, कातडीवरचं तेल काढून घेतो, आणि पातळ झालेलं रेझिन मोकळ्या झालेल्या कातडीत आणखी आत जातं. पातळ नायट्रिलमधून ॲसिटोन काही मिनिटांत पार होतं, म्हणजे मोजे घालून ॲसिटोनने ब्रश धुणं हीसुद्धा फसवणूकच. हाताला लागलंच तर आधी कोरड्या कागदाने टिपून घ्या, मग साबण आणि कोमट पाणी, किंवा सॉल्व्हंट नसलेली हात धुण्याची पेस्ट. घासून कातडी सोलू नका. बॅरियर क्रीम लावायला हरकत नाही, पण ते मोज्याची जागा घेत नाही.

रेझिन पातळ करायला त्यात रिॲक्टिव्ह डायल्युअंट घातलेलं असेल तर जास्त सांभाळा. हे लहान ग्लिसिडिल ईथर असतात, उदाहरणार्थ ब्यूटेनडायॉल किंवा हेक्सेनडायॉलचे. रेणू आणखी छोटे, ॲलर्जीची ताकद बहुधा जास्त, आणि काहींची वाफही होते. 'हे पातळ रेझिन वापरायला सोपं' म्हणून लोक खूश असतात. डेटा शीटच्या तिसऱ्या विभागात घटकांची यादी असते, ती वाचा.

हार्डनर हे वेगळंच जनावर आहे, आणि रेझिनचे नियम त्याला लावून चालत नाही. टेटा (ट्रायइथिलीनटेट्राअमाइन), डेटा (डायइथिलीनट्रायअमाइन), आयसोफोरोन डायअमाइन ही अमाइन अल्कधर्मी आणि दाहक असतात. संकेत एच३१४, त्वचा जाळतात, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. यांना माशासारखा, अमोनियासारखा वास असतो आणि वाफही होते. हार्डनर ओतताना बाजूने बंद असलेला गॉगल हवाच. नुसता चष्मा पुरत नाही. डोळ्यात थेंब गेला तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, आणि लगेच दवाखान्यात. वाटेतही धुणं चालू ठेवता आलं तर ठेवा. ड्रमपासून नळ किती पावलांवर आहे, हे आज मोजून बघा. डोळे मिटलेल्या माणसाला तिथवर चालत जाता यायला हवं. पोटात गेलं तर उलटी करवू नका, जळलेल्या अन्ननलिकेतून तेच पुन्हा वर येतं.

ॲरोमॅटिक, म्हणजे बेन्झिनचं कडं असलेल्या, अमाइनचे हार्डनर लगेच जाळत नाहीत, म्हणून ते अधिक फसवे. मिथिलीनडायॲनिलीन हे त्यातलं जुनं नाव. १९६५ साली इंग्लंडमधल्या एपिंग या गावात ८४ जणांना एकाएकी कावीळ झाली. शोध घेतल्यावर कळलं की एका व्हॅनमधून पिठाबरोबर हे रसायनही नेलं होतं, ते सांडलं आणि पिठात मिसळलं, आणि त्या पिठाचा पाव लोकांनी खाल्ला. तेच रसायन कातडीतूनही शरीरात जातं आणि यकृताला इजा करतं. आता ते बरंच कमी झालंय, पण तुमच्या शीटवर दिसलं तर पर्यायी हार्डनर मागा. कास्टिंगसाठी, म्हणजे साच्यात ओतायला, ॲनहायड्राइड प्रकारचे हार्डनर वापरत असाल तर त्यांचा त्रास श्वासाला होतो, दमा जडतो. गरम साच्यावर वाकून काम करणाऱ्यांना हे जास्त भोवतं. आणि हार्डनरचा, रेझिनचा कुठलाही डबा अन्नाच्या डब्याशेजारी, त्याच गाडीत, त्याच कपाटात ठेवू नका.

प्रमाणाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे: थोडा जास्त हार्डनर घातला की लवकर सुकतं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट (क्रियेला वेग देणारं रसायन) वाढवतात तशी ही गोष्ट नाही. इथे हार्डनर स्वतः सांगाड्याचा भाग होतो. रेझिनचं इपॉक्सी इक्विव्हॅलंट वजन, म्हणजे एक मोल (रेणू मोजण्याचं एकक) कडी जितक्या ग्रॅममध्ये असतात ते, १९० धरा. टेटाचं हायड्रोजन इक्विव्हॅलंट वजन, म्हणजे तेवढ्या कड्यांना जोडायला लागणारे ग्रॅम, सुमारे २४. मग १०० ग्रॅम रेझिनला साधारण १३ ग्रॅम टेटा लागतं. तुम्ही २० घातलंत तर उरलेल्या ७ ग्रॅमना जोडायला कुणी नाही. माल चिवट, घामट राहतो आणि त्यातलं मोकळं अमाइन नंतर हात लावणाऱ्याच्या कातडीवर येतं. दोन्ही वजनानेच मोजा. रेझिनची घनता १.१६ आहे, हार्डनर हलका असतो, त्यामुळे वजनाचं प्रमाण मापाच्या भांड्याने मोजलं तर चुकतंच.

मिसळलेल्या बादलीचा धोका मात्र नव्या माणसाला खरंच वाटत नाही. इपॉक्सीचं एक मोल कडं उघडताना सुमारे १०० किलोज्यूल उष्णता सुटते. किलोभर रेझिनमध्ये अशी पाचेक मोल कडी असतात. ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर मालाचं तापमान २०० अंशांनी वर जाऊ शकतं, हा हिशोब कुणीही कागदावर करून बघावा. पातळ थरात उष्णता निघून जाते. खोल बादलीत ती अडकते, तापमान वाढतं, दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, आणि मग पाच मिनिटांपूर्वी कोमट वाटणारी बादली धूर सोडायला लागते. डब्यावर लिहिलेलं पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर माल वापरता येण्याचा वेळ, बहुधा १०० ग्रॅमसाठी असतं. पाच किलोला ते लावू नका.

मी हे एकदा अगदी जवळून पाहिलंय. जेवणाची सुट्टी झाली म्हणून कुणीतरी अर्धी भरलेली बादली तशीच ठेवून गेलं. परत आलो तेव्हा मधोमध तपकिरी डाग होता, बाजूला पिवळं, आणि आतून लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज. मग प्लास्टिकचा तळ मऊ पडून बादली एका अंगाला झुकली आणि डोळे चुरचुरणारा दाट पांढरा धूर निघाला. त्या धुरात न जुळलेलं अमाइन आणि जळक्या रेझिनचे वायू असतात. तेव्हा आम्ही सगळे बाहेर पळालो आणि तेच बरोबर होतं.

बादली नुसती गरम लागत असेल तर माल ताबडतोब पसरट धातूच्या ट्रेमध्ये किंवा उघड्यावर कोरड्या वाळूवर पातळ ओता. धूर सुरू झाला असेल तर उचलायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. वरून पाणी ओतू नका, ते क्षणात उकळून गरम माल उडवतं. झाकण तर मुळीच लावू नका. आणि उरलेली मिसळ कागद-चिंध्यांच्या पिंपात टाकू नका, आग तिथूनच लागते. ती ट्रेमध्ये पातळ पसरून, पूर्ण कडक होऊन थंड झाली की मगच कचऱ्यात.

घासकामाविषयी थोडक्यात. हाताला चिकटत नाही म्हणजे क्युअर झालं, पुरतं पक्कं झालं, असं नसतं. खोलीच्या तापमानाला बहुतेक सिस्टिमना सुमारे सात दिवस लागतात, थंडीत आणखी. दुसऱ्या दिवशी घासलं तर उडणारी धूळ अर्धकच्ची असते आणि ती पापण्यांवर, मानेवर बसते. पाणी लावून घासा, किंवा यंत्रालाच धूळ ओढणारा पाइप जोडा. पृष्ठभागावर चिकट, मेणचट थर आला असेल तर तो अमाइन आणि हवेतली ओल व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून झालेला असतो. तो आधी पाण्याने धुवून घ्या, कोरडा घासू नका. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. युरोपीय मानकात सेंद्रिय वाफेसाठी तपकिरी पट्टीचं ए, अमाइनसाठी हिरव्या पट्टीचं के, आणि धुळीसाठी पी असं फिल्टर असतं. दाढीवर मास्क नीट बसत नाही. पण मास्कआधी हवा खेळती ठेवा. पंखा असा लावा की वारा माणसाच्या पाठीकडून येऊन कामावरून बाहेर जाईल. तोंडासमोर टेबल पंखा ठेवला की तो धूळ आणि वाफ चेहऱ्यावरच फिरवत बसतो.

सांडलं तर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं हलकं खनिज) टाकून टिपा, खरवडून बंद डब्यात भरा. अमाइनवर लाकडाचा भुसा टाकू नका, तो आपोआप तापून पेटू शकतो. ड्रमवरच्या मेलेल्या माशाचा अर्थ इथे येतो. संकेत एच४११, म्हणजे न जुळलेलं रेझिन पाण्यातल्या जीवांना विषारी आहे आणि तो परिणाम बराच काळ राहतो. ब्रश धुतलेलं पाणी किंवा सॉल्व्हंट गटारात सोडायचं नाही.

आता रवाळ ड्रम. माल खराब झालेला नाही. रेझिन जितकं शुद्ध तितकं ते गारव्यात स्फटिक धरतं, मध गोठतो तसंच. पण शेगडी नको, उघडी ज्योत नको. तळाशी जागच्या जागी खूप तापेल, वर थंड राहील, आणि बंद झाकणाखाली दाब वाढेल. झाकण सैल करा, ड्रम हीटर किंवा गरम खोलीत, छोटा डबा असेल तर गरम पाण्यात, ५० ते ६० अंशांवर ठेवा आणि पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ठेवा. थोडे कण राहिले तर त्यांच्याभोवती पुन्हा रवा धरतो. पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका. आणि हार्डनर मिसळायच्या आधी रेझिन खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पॉट लाइफ निम्म्याहून कमी होईल आणि वर सांगितलेली बादली तुमच्याकडे होईल.

राहिला तो मुलगा. मलम लावून काम चालू ठेवू नका. स्टिरॉइडचं मलम पुरळ दाबतं, ॲलर्जी थांबवत नाही, आणि रोजच्या संपर्काने ती पक्की होत जाते. नुसता दाह असेल तर काम थांबवून, मोजे सुधारून तो जातो. ॲलर्जी असेल तर जात नाही. हा फरक डोळ्यांनी बघून ठरवता येत नाही, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करावी लागते. इपॉक्सी रेझिन हा त्या तपासणीतल्या नेहमीच्या संचातलाच घटक आहे, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. पण नेहमीच्या संचात तुमचा हार्डनर आणि डायल्युअंट नसतील, म्हणून रेझिन आणि हार्डनर दोन्हींच्या डेटा शीट त्याच्याबरोबर पाठवा. कोणत्या दिवशी काय काम केलं आणि पुरळ कधी वाढलं, हे त्याच्याकडून तारखांसह लिहून घ्या. निकाल येईपर्यंत त्याला मिक्सिंग, थर बसवणं, घासकाम, ब्रश धुणं यातल्या कशावरही ठेवू नका, आणि या काळात त्याची मजुरी कापू नका. मजुरी जाईल या भीतीने मुलं पुरळ बाहीखाली झाकून कामावर येतात, हे मी पाहिलंय.